रेघेतला खाडा

"कुठे गेला होतास, पाखरा?"

आईचा आवाज विहिरीतून बादली वर यावी तसा यायचा. आधी नुसता हेलकावा, मग दोराची करकर, मग अख्खं वाक्य. तो डोळ्यांची उघडझाप करायचा. हातातला घास तोंडाच्या वाटेवर थांबलेला असायचा, ताटातली वाफ विरलेली असायची, आणि आई पुढ्यात उकिडवी बसून त्याच्या तोंडाकडे बघत असायची.

"इथेच तर होतो," तो म्हणायचा.

आई त्याला कधी खोटं पाडत नसे. त्याच्या केसांतून हात फिरवत ती स्वतःशीच गुणगुणायची:

*गेलं माझं पाखरू डोंगराच्या पाठी,*
*ताट निवून चाललं, ये रे आईसाठी.*

मग डॉक्टर झाले, कडू पांढऱ्या गोळ्या झाल्या, आणि तो बारा-तेरा वर्षांचा होईतो पाखरू घरट्यात ठरलं ते ठरलं. डोंगरापल्याड जाणं बंद झालं. शेवटची गोळी संपली त्या दिवशी आई म्हणाली, "हे आपल्या दोघांतच ठेवायचं. जगाला कळलं तर जग तुला बाजूला बसवून ठेवेल." पुढे गाडी चालवण्याच्या परवान्याचा अर्ज भरताना एक प्रश्न आला: कधी शुद्ध हरपली आहे का? त्याने 'नाही' वर खूण केली. आई शेजारीच बसली होती. तिने अर्ज हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि काही न बोलता परत दिला.

त्या अर्जाला आता पंचवीस वर्षं झाली. आई गेली त्यालाही दहा झाली. तो अठरा नंबरची बस चालवत होता आणि डेपोत त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत, कारण त्याची बस थांब्यावर आली की लोक मनगटावरची वेळ जुळवून घेत.

आणि गेल्या महिन्यात ते परत सुरू झालं.

पहिल्यांदा सिग्नलवर. दिवा हिरवा झाला होता आणि मागच्या गाड्या भोंग्यांवर भोंगे मारत होत्या. पहिल्या सीटवर त्याची बायको बसली होती. ती कापडगिरणीत तपासनीस, रोज सहा चाळीसला त्याच्याच बसने कामाला जायची. ती पुढे वाकून म्हणाली, "अहो, कुठे हरवलात?"

"इथेच तर होतो," तो म्हणाला आणि गिअर टाकला. हे वाक्य त्याने चाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्यांदा सायकलवर. रजेच्या दिवशी सकाळी तो हौसेने लांबवर सायकल मारायचा. त्या दिवशी तो टपालपेटीपाशी होता आणि मग एकदम कुंपणात होता. पेटीपासून कुंपणापर्यंतचा रस्ता कुणीतरी कात्रीने कापून नेला होता. खांदा दुखावला, कोपर सोलवटलं. घरी येऊन त्याने सांगितलं, "कुत्रा आडवा आला."

बायकोने विश्वास ठेवला. इतका ठेवला, की जिन्याखाली बसणाऱ्या लंगड्या तपकिरी कुत्रीला ती रोज बिस्किटं घालायची ते बंद केलं. "तुमची जात एक," म्हणाली तिला. कुत्री शेपूट हलवत राहिली. तो वर जिन्यात उभा राहून ऐकत होता.

डेपोच्या डॉक्टरांनी खांदा बघितला, वरखाली करून बघितला, तीन आठवड्यांची रजा लिहिली. खांद्याशिवाय त्यांनी काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

"आता रस्त्यावर सायकल नको," तो घरी म्हणाला. "घरातच चालवीन. तसलं स्टँड मिळतं म्हणे."

बायकोला केवढा आनंद झाला! तिला वाटलं, नवऱ्याला एकदाची अक्कल आली. त्याला मात्र ठाऊक होतं की त्याने सायकल सोडली होती, पण बस सोडली नव्हती. सायकलवर एकटा तोच होता. बसमध्ये बसायला छत्तीस जागा होत्या आणि त्यातली पहिली तिची होती.

*

सायकलचं दुकान चालवणारी बाई एकेकाळी शर्यती मारलेली होती. पोटऱ्या दगडी, आवाज खणखणीत. तिने आधी दोघांना स्टुलांवर बसवलं आणि डॉक्टरीण असल्यासारखी चौकशी केली.

"घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या," बायको म्हणाली.

"खाली कोण राहतं?"

"मास्तर. रिटायर झालेत, पण कान अजून नोकरीत आहेत."

दुकानवाली खो खो हसली. मग तिने तीन वस्तू दाखवल्या. पहिली म्हणजे जमिनीवर आडवे ठेवलेले तीन गुळगुळीत रूळ. "यावर सायकल बांधायची नाही, नुसती ठेवायची. तोल आपला आपण राखायचा. मजा येते, पण लक्ष क्षणभर हललं की खाली."

"हे नको," तो म्हणाला. इतक्या झटकन म्हणाला, की दोघी बायका त्याच्याकडे बघायला लागल्या.

"अहो, ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. नको."

दुसरं एक साधं लोखंडी स्टँड होतं. सायकलचं मागचं चाक त्यात आवळायचं, चाकाला एक छोटा रूळ टेकतो, आणि पायडल मारायचं. ना वायर, ना मोबाईल, ना काही. त्याने त्यावर हात ठेवला. "हे छान आहे. हेच घेऊ."

दुकानवालीने चाक फिरवून दाखवलं. पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज झाला. बायकोने कानांवर हात ठेवले. "मास्तर काठी घेऊन वर येतील. काठी नाही, काठ्या. वर टायर झिजणार तो वेगळाच."

"मग हे." दुकानवालीने तिसऱ्यावर थाप मारली. "मागचं चाक काढूनच ठेवायचं. साखळी सरळ याच्या दात्यांवर बसते. नुसती गुणगुण. आणि हे मोबाईलला जोडलं की तुमच्या पायांतला जोर सेकंदा-सेकंदाला रेघेसारखा काढून दाखवतं. कुठे चढलात, कुठे दमलात, सगळं. याच्यापुढे लपवाछपवी नाही."

"यांना काय लपवायचंय!" बायको म्हणाली. "डेपोत यांना घड्याळ म्हणतात."

"रेघ कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "मला काय शर्यत लावायचीय?"

"मला बघायचीय. दिवसभर कापड बघते, संध्याकाळी नवऱ्याची रेघ बघेन. तेवढाच बदल."

दोघी परत हसल्या. त्याला हसू आलं नाही. नको म्हणायला एकच कारण होतं आणि नेमकं तेच तोंडावाटे काढता येत नव्हतं. मास्तरांचे कान, टायरची झीज, जागेचा सवाल, सगळी कारणं तिच्या बाजूने उभी होती. त्याच्या बाजूला आई बसली होती, हातात परवान्याचा अर्ज धरून, गप्प.

"दहा दिवस वापरून बघा," दुकानवाली म्हणाली. "पटलं नाही तर बदलून देईन. रजा आहे ना अजून?"

"दोन आठवडे," बायको म्हणाली. "मग सोमवारी परत अठरा नंबर."

*

पुढच्या खोलीत, खिडकीशी, रबराच्या चटईवर ते यंत्र बसलं. काळं, बुटकं, दोन पाय फाकवून दबा धरल्यासारखं. मागचं चाक काढलेली सायकल त्याच्यावर चढवली तेव्हा त्याला उगीच वाटलं, की गाडीचं अर्धं अंग कुणीतरी खाऊन टाकलंय.

बायको गिरणीतून आली की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन त्याची रेघ बघायची. कौतुकाने बघायची. पहिल्या दिवशीची रेघ हिरवी, एकसंध, थोडी थरथरणारी. दुसऱ्या दिवशीचीही तशीच. तिसऱ्या दिवशी तिने कप खाली ठेवला.

"अहो, इथे खाडा आहे."

"कसला खाडा?"

"बघा ना. रेघ चाललीय, चाललीय, आणि एकदम तळाला. सात सेकंद काहीच नाही. मग परत वर, जसं काही झालंच नाही." तिने बोटांनी चित्र मोठं केलं. गिरणीत कापड उजेडाच्या पाटावरून सरकत जायचं आणि मिनिटाला वीस वार कापडातून तिला एक सुटलेला धागा दिसायचा. तिच्या डोळ्यांना सात सेकंदांची फट म्हणजे सताड उघडं दार होतं. "पाय थांबवले होते का तुम्ही?"

त्याने आठवून बघितलं. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली निळी चादर दिसत होती. मग तीच चादर दिसत होती. मध्ये काही नव्हतं.

"नाही. मी तर चालवतच होतो," तो म्हणाला. आणि बुडत्याला ओंडका मिळावा तसं पुढचं वाक्य त्याला मिळालं. "मशीनच खराब दिसतंय."

मशीन दुकानात गेलं. दुकानवालीने ते स्वतः अर्धा तास चालवलं, कान लावला, वायरी हलवल्या. "मला तर ठणठणीत वाटतंय. पण तुम्ही म्हणताय तर दुसरं नेता का? खोक्यातलं नवं कोरं."

दुसरं आलं. चार दिवस रेघ नीट आली. त्या चार दिवसांत त्याला खरोखरच पटायला लागलं की पहिलंच यंत्र खराब होतं. सिग्नलवर झोप अपुरी होती. टपालपेटीपाशी कदाचित कुत्रा असेलही, नसेल कशावरून? माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला जगभरचे साक्षीदार मिळतात.

पाचव्या दिवशी जिन्यात मास्तर भेटले. हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात काठी.

"काय रे, तुझं ते भिंगरीयंत्र बरं आहे हो. आवाज अगदी भुंग्यासारखा. मला झोप लागते त्यावर."

"त्रास होत नाही ना, मास्तर?"

"चालू असतं तोवर नाही." मास्तर एका पायरीवर थांबले. "पण मधेच गप्प होतं ना, तेव्हा दचकायला होतं. वाटतं, माणूस पडला की काय. सवय आहे रे मला आकडे मोजायची, जन्मभर पोरांना मोजायला लावलं. आज मोजले. अकरा झाले, मग परत भुंगा सुरू. पाणीबिणी पितोस का मध्ये?"

"हो," तो म्हणाला. "पाणी पितो."

"पी, पी. पण पिताना पाय हलवत राहा. जिवाला घोर लागतो."

वर आल्यावर त्याने मोबाईल उघडला नाही. सायकलच्या दांड्याला बाटली अडकवलेली होती. सकाळी काठोकाठ भरली होती तशीच भरलेली होती.

तो खिडकीशी उभा राहिला. खालून अठरा नंबर चालली होती. बदलीवरचा ड्रायव्हर चालवत होता. बस टपालपेटीपाशी आली आणि त्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन. दुकानाची पाटी गेली. चार. पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई लेकराचा हात धरून नुकतीच पलीकडे झाली होती. सात. शाळेचं फाटक. नऊ. वळण. अकराला बस नदीच्या पुलावर चढली होती आणि तिचं डावं अंग कठड्याला लागून चाललं होतं.

त्याने दुसऱ्या बसलाही मोजलं. तिसऱ्यालाही. दर वेळी अकराला पूल येत होता.

*

रविवारी दुपारी बायकोने त्याचा गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीला टांगला. खांदे नीट, बटणं लावलेली. आत माणूस तेवढा नव्हता. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, "आज मला बसू द्या."

"कुठे?"

"सायकलवर."

"अगं, पडशील!"

"बांधलेली आहे ना? मग कशी पडेन?"

तिला सायकल चालवायची सवय नव्हती. सीट खाली करायला लागली, पहिली दोन मिनिटं ती हसतच होती, "आई गं, मांड्या!" म्हणत होती. मग तिचं हसू गेलं. ती खाली मान घालून पायडल मारत राहिली. घाम कानशिलांवरून ओघळला, मानेवर आला. ती थांबेना. दहा मिनिटं. वीस. खालून एकदा काठीने छत ठोकल्याचा आवाज आला, तीन वेळा, शाबासकी दिल्यासारखा. बरोबर तीस मिनिटांनी ती उतरली, सायकलला धरून उभी राहिली आणि मोबाईल हातात घेतला.

रेघ वेडीवाकडी होती. नवशिक्या बाईने घातलेल्या शिवणीसारखी. पण पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत अखंड होती.

ती त्याच्या शेजारी येऊन बसली. पहिल्या यंत्रावरची त्याची रेघ, दुसऱ्या यंत्रावरची त्याची रेघ आणि ही तिची, अशा तिन्ही तिने एकाखाली एक त्याला दाखवल्या. बोट कुठेच ठेवलं नाही. तिच्या बोटाची गरज नव्हती.

"आमच्या गिरणीत," ती हळूच म्हणाली, "कापडात खोट निघाली की आम्ही आधी मागावर संशय घेतो. माग बदलतो. दुसऱ्या मागावर तीच खोट आली, की मग मागाला बोल लावत नाही. सूत बघतो."

तो गणवेशाकडे बघत होता.

"मी भांडत नाहीये," ती म्हणाली. "मी सूत तोडून फेकणारी बाई नाही. पण मला सांगा तरी. सिग्नलवर भोंगे वाजत होते. मी तुमच्या मानेकडे बघत होते. मान होती, तुम्ही नव्हता." तिचा आवाज फाटला, तिने तो परत जोडला. "कुठे जाता हो तुम्ही?"

चाळीस वर्षांपूर्वीची बादली विहिरीतून वर आली. दोर करकरला. त्याचं उत्तर जिभेवर तयार होतं, तिथेच राहून राहून गुळगुळीत झालेलं. त्याने ओठ उघडले.

तेवढ्यात फोन वाजला.

डेपोतल्या नोंदवाल्याचा होता. पाळ्या लावणारा हा माणूस इतकं बारीक अक्षर काढायचा, की त्याला सगळे 'मुंगी' म्हणत. फोन कानाला लावला, तर मुंगीचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"काय घड्याळसाहेब! चावी दिली का? झाले ना खांद्याचे लाड करून? उद्या अठरा नंबर, पहिली पाळी. बदलीवाल्याने पब्लिकला पार जेरीस आणलंय, रोज पाच मिनिटं उशीर. एक म्हातारी मला विचारत होती, आमचा टायमावरचा ड्रायव्हर मेला की काय! म्हटलं, नाही आजी, सोमवारी आणतो तुमचा. तर लिहू ना नाव?"

'येतो' हा शब्द पंचवीस वर्षांच्या सवयीने ओठांपर्यंत आला. खिडकीखालून एक बस गेली आणि काचा बारीक थरथरल्या. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्या टांगलेल्या सदऱ्याच्या बाहीची घडी बोटांनी उगीच सरळ करत होती. उद्या सहा चाळीसला पहिल्या सीटवर तीच बसणार होती. त्याने काहीही सांगितलं तरी. काहीच नाही सांगितलं तरी. एवढं त्याला तिच्या बोटांकडे बघून कळलं.

त्याने मोजलं. एक, दोन. दुकानाची पाटी. चार. पांढरे पट्टे.

"हॅलो? अरे, आहेस का?" मुंगी ओरडला. "हॅलो!"

"आहे," तो म्हणाला. "आत्ता आहे."

"मग बोल की! नाव लिहू?"

"लिहू नकोस. थांब, लिही. माझं नाव लिही आणि पुढे लिही, याला गाडी द्यायची नाही. उद्याही नाही आणि डॉक्टर सांगेपर्यंत कधीच नाही." त्याचा आवाज त्याला अनोळखी वाटला, लहान पोराचा वाटला. "खांद्याचं नाही रे. खांदा बरा आहे. लहानपणापासून आहे हे. मधे गेलं होतं, आता परत आलंय. मी चालता चालता मधेच नसतो. सात सेकंद, अकरा सेकंद. अर्जात मी खोटं लिहिलं होतं."

त्याने फोन कानापासून खाली घेतला, पण बंद केला नाही. ऐकू दे मुंगीलाही. मग तो बायकोकडे वळला. तिची बोटं सदऱ्यावर थांबली होती.

"त्या कुत्रीला बिस्किटं घाल गं," तो म्हणाला. "कुत्रा आडवा आला नव्हता. त्या रस्त्यावर कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो."